बिनटेकूची फळी

पुलगावात चंद्रभानसारखा दुसरा फिटर नव्हता, असं चंद्रभानचं म्हणणं होतं. दुसऱ्या कोणाचं म्हणणं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. मिलमधून सुटून घरी येताना तो आळीतल्या उघड्या दारांमधून आत नजर टाकत यायचा आणि त्याचं नाक आपोआप वर जायचं. कोणाच्या भिंतीत कोनाडा, त्यात चिमणी आणि वर काजळीची लांब जीभ. कोणाच्या भिंतीला खुंट्या, त्यांवर टोप्या, छत्री आणि गेल्या सालची लग्नपत्रिका. एखादा फारच सुधारलेला असला तर लोखंडी ब्रॅकेटवर फळी आणि फळीवर पितळेचे डबे, वरातीला निघाल्यासारखे.

"ब्रॅकेट म्हंजे धोतराखालून दिसणारी चड्डी," तो म्हणायचा. "दाखवाची गोष्ट हाये का ते?"

हे ज्ञान त्याला नवंच झालं होतं. ऐंशी सालच्या थंडीत तो मिलमधल्या एका साहेबाच्या बंगल्यावर पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेला होता आणि तिथे त्याने ती फळी पाहिली. खाली टेकू नाही, वर दोरी नाही, कुठे खिळ्याचं डोकं नाही. डोहातून म्हशीने पाठ वर काढावी तशी ती फळी भिंतीतून वर आली होती आणि शांत थांबली होती. तिच्यावर कोण्या खेड्यातली जुनी समई, घासून लखलखीत केलेली, उगाचच ठेवलेली. चंद्रभान गुडघ्यांवर बसून फळीच्या खालून पाहू लागला, तेव्हा साहेबाच्या बाईने विचारलं, "काही पडलं का तुमचं?" तो उठून पंपाकडे गेला. पण त्याच्या मनात जे पडायचं ते पडलं होतं.

घरी त्याला वेळ भरपूर होता. बायको सुलोचना बाळंतपणाला माहेरी, हिंगणघाटला गेली होती. पौषात मुलगी झाल्याचं पत्र आलं. सव्वा महिन्याने ती येणार, तोवर फळी भिंतीवर हवी.

भिंत मात्र मातीची. पाऊण हात जाड, पांढऱ्या मातीने सारवलेली, दोन खोल्यांच्या घराची मधली थोराड भिंत नव्हे, मागची, पावसाकडची. घर त्याच्या आईचं, मनकर्णाबाईचं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने ते घर लोकांची दळणं दळून उभं केलं होतं, ही गोष्ट आळीत सगळ्यांना ठाऊक होती आणि चंद्रभानला ती कोणी बोललेली खपत नसे.

आळीच्या तोंडाशी रामाजी सुताराचं दुकान होतं. बैलगाड्यांची चाकं, दाराच्या चौकटी, पाळणे करणारा म्हातारा. पातळी बघायची त्याची पाणसळ मागायला चंद्रभान गेला, तसा रामाजी स्वतःच हातात पाणसळ घेऊन मागोमाग आला. भिंतीवर त्याने बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली.

"फिटरसायेब, ही भित मातीची हाये. लोखंडाची सळई ठोकसान तं ते मातीले सुरीवानी कापत येईन. जाड खुंटे पाह्यजे. बाभळीचे. जुने, हातानं मुरलेले." मग त्याने वर पाहिलं. भिंतीपासून हातभर अंतरावर मयालीला, छपराच्या आडव्या तुळईला, पाळण्याचा लोखंडी आकडा होता. घरात आकडा तेवढा एकच. "आन् पाळणा तं इथंच टांगसान ना जी? मंग ब्रॅकेट मारा बापा. काऊन जिद्द करता?"

"रामाजी, तुमी गाड्याचे आरे घासा. हे इंजिनेरिंग हाये."

"इंजिनेरिंग तं हाये जी," रामाजी म्हणाला, "पण भित अडाणी हाये ना. तिले कोन समजावून सांगन?"

दारात उभी असलेली शेजारची रुख्माबाई फिस्सकन हसली. त्या हसण्याने काम पक्कं झालं. आता फळी बिनटेकूचीच लागणार होती, आणि ती पाडायची तर आधी चंद्रभानला पाडावं लागलं असतं.

जुने, हातानं मुरलेले बाभळीचे खुंटे. म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेली तेवढी एक गोष्ट त्याला पटली होती, आणि तसं लाकूड कुठे आहे हे सगळ्या पुलगावात त्याला एकट्याला ठाऊक होतं.

मनकर्णाबाईचं जातं मोठं होतं, समोरासमोर बसून दोन बायांनी ओढायचं. त्याचा खुंटा हातभर लांब, चार मुठी मावतील एवढा. पण तिच्यासमोर बसायला कोणी नसायचं. चार मुठींच्या खुंट्याला दोन मुठी लावून ती पहाटे ओढायची आणि मांडीवर चांद्या असायचा. चांद्याला दात येऊ लागले तेव्हा हिरड्या शिवशिवायच्या, आणि तो तोंडासमोरून जाणारा खुंटा धरून चावायचा. त्याच्या दातांच्या खुणा खुंट्याच्या वरच्या टोकाला उमटल्या त्या कायमच्या. दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती दाखवायची. तिने त्यावर ओवीही बांधली होती:

*दळण दळते बाई, मांडीवर चांद्या माहा*
*दोन दात उमटले पाहा, खुंट्यावर*

चांद्याचा चंद्रभान झाला, आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीला लागलं, तरी तिचं दळण थांबेना. आळीत विजेची चक्की आली. तरी रुख्माबाईसारख्या दोन-चार म्हाताऱ्या मनकर्णाबाईकडेच यायच्या. म्हणायच्या, चक्कीचं पीठ तापते, भाकर तोंडात चिकटते. "हात लाव रे चांद्या थोडा," ती कधी म्हणायची, मनगट दुखलं की. "बायकाचं काम हाये ते," तो म्हणायचा. सुलोचनाकडचे पाहुणे पाहायला आले, तेव्हा म्हातारीने खुंटा काढून होणाऱ्या व्याह्याच्या हातात दिला, जावयाचे दात दाखवायला. चंद्रभानच्या कानशिलात जाळ झाला. लग्नानंतर एका दुपारी ती बाहेर गेल्यावर त्याने जात्यातून खुंटा उपटला आणि मयालीवर, छपराच्या कवेलूंखालच्या अंधारात सारून दिला.

बिनखुंट्याचं जातं म्हणजे नुसते दोन दगड.

"माहा खुंटा कुठं हाये रे?" तिने विचारलं.

"मले काय माहीत."

ती महिनोन्‌महिने विचारत राहिली. शेवटी अंथरुणावर पडली तेव्हाही विचारायची, फक्त आवाज बारीक झाला होता. आणि तो प्रत्येक वेळी तेच तीन शब्दांचं उत्तर द्यायचा, मिलमध्ये कोणी अवजार मागितल्यावर द्यावं तसं. हे सुलोचनाला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

खुंटा त्याने खाली काढला. तीनेक वर्षांची धूळ पुसली तर आत लाकूड तेल पाजल्यासारखं तुकतुकीत. डावीकडे हा, उजवीकडे म्हातारीच्याच मुसळाचा तुकडा. दातांच्या खुणा रंध्याने काढून टाकाव्या असं क्षणभर मनात आलं, पण खरबरीत टोक मातीत घट्ट बसतं, म्हणून ते टोक भिंतीच्या आत जाऊ द्यायचं ठरवलं. भावनेत वाहून जाणाऱ्यांतला तो नव्हता.

काम मात्र त्याने देखणं केलं. लिलावात विकल्या जाणाऱ्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, रंधून आरशासारख्या केल्या. वर एक, खाली एक, पुढे पट्टी. मध्ये पोकळी, तिच्यात खुंट्यांचे बाहेरचे भाग बेमालूम शिरतील अशी. सांधे सरसाने बसवले. पहारीने भिंतीत दोन आडवी भोकं पाडली, ती आरपार जायला चार बोटं उरली तेव्हा थांबला. खुंटे आत ठोकले, भोवती चिखल-सिमेंटचा गारा ठासला. आठ दिवस वाळू दिलं. मग पोकळ फळी खुंट्यांवर सरकवली. चर्रर्र करत ती भिंतीला भिडली आणि थांबली. पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन निजला.

रामाजीला बोलावणं गेलं. म्हातारा आला, खालून पाहिलं, वरून पाहिलं.

"दिसते तं बरी," तो म्हणाला. "रिकामी हाये म्हणून."

चंद्रभान परसात गेला. तिथे जात्याच्या दोन तळ्या पडून होत्या. खालची कपडे धुवायला कामी यायची, वरची नुसतीच. त्याने वरची तळी, पंधरा किलोचा दगड, छातीशी धरून आणली आणि फळीवर मांडली. फळी केसभरही हलली नाही.

"अरे, तुह्या मायचं जातं ना ते!" रुख्माबाई दारातून म्हणाली.

"शोपीस हाये," चंद्रभान म्हणाला. "मोठ्या घरात जुन्या वस्तू ठेवतात. तुमाले नाई समजाचं." आणि रामाजीकडे वळून, "दिवाळीपर्यंत राहीन हा दगड तिथी. रोज येऊन पाहत जा."

दगडाला त्याने काळा रंग दिला, त्याच्यावर ट्रान्झिस्टर ठेवला, बाजूला आपली पुस्तकं आणि घड्याळ.

सुलोचना माघात आली. दारातच थांबली. मुलीला खांद्यावर घेऊन तिने फळीखाली हात फिरवला.

"कशावर हाये हे?"

"हुशारीवर."

"मंग उतरवा. पोरीच्या डोक्यावर मले हुशारी नाई पाह्यजे."

तो हसला. हिंगणघाटच्या माणसांना काय कळणार, म्हणाला. फळी उतरवली तर रामाजी वर्षभर चहा हाच विषय घेऊन पिईल, हे काही तो म्हणाला नाही. सुलोचनाने पंधरा दिवस मुलीला स्वतःजवळ जमिनीवर निजवलं. पण मुलगी, बेबी म्हणायचे तिला, रात्रंदिवस रडायची. एक दिवस हात टेकून सुलोचनाने तिला पाळण्यात घातलं, त्या काळ्या दगडाच्या खाली. बेबी गप्प झाली. भिंतीकडे तोंड करून, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली, आणि निजली. त्यानंतर ती दुसरीकडे कुठे निजेचना.

पहिल्यांदा ट्रान्झिस्टर फिरला.

चंद्रभान सकाळच्या बातम्यांना उठला, तर ट्रान्झिस्टरचं तोंड खिडकीकडे होतं. सुलोचनाने पुसताना फिरवला असेल. त्याने नीट केला. दुसऱ्या दिवशी तोंड खिडकीच्याही पुढे गेलं होतं. आठवड्याने तो पुरता भिंतीकडे पाहत होता. त्याने दगडाच्या कडेला आणि फळीवर खडूची एकच रेघ ओढली. सकाळी रेघेचे दोन तुकडे झाले होते, मध्ये चार बोटांचं अंतर. ट्रान्झिस्टर फिरत नव्हता. खालचा दगड फिरत होता, जातं फिरतं त्याच दिशेने.

"मिलचा हादरा," त्याने सुलोचनाला समजावलं. "एवढे माग चालतात तिथी. जमीन थरथरते. दगड सरकते. सायन्स हाये."

"डबे नाई सरकत मंग माहे?"

"डब्यात अन् दगडात फरक असते."

मग पीठ. चैत्रात सकाळी फळीवर, दगडाच्या भोवती, पांढऱ्या भुकटीचं कडं दिसू लागलं. चंद्रभानने बोटावर घेऊन चोळलं आणि घुण असल्याचं जाहीर केलं. लिलावाचं लाकूड, घुण लागणारच. त्याने रॉकेलचा बोळा फिरवला. सकाळी पुन्हा कडं. रॉकेलचा वास नव्हता, भाजलेल्या ज्वारीसारखा मंद, ऊबदार वास होता.

एके दिवशी रुख्माबाई विरजण मागायला आली, तेव्हा सुलोचना फळी पुसत होती. म्हातारीने तिच्या फडक्यावरची चिमूट उचलली, जिभेवर टेकवली आणि तशीच थांबली.

"घुण म्हन्ते काय तुहा नवरा? घुण नाई व माय हे. पीठ हाये. अन् चक्कीचं नाई." तिने पुन्हा चव घेतली. डोळे बारीक झाले. "मनकर्णीच्या हातचं असंच असे. थोडं जाडसर. थंड."

"बुढी सठियाली," चंद्रभान आतून ओरडला.

रुख्माबाई विरजण न घेताच गेली.

वैशाखात त्याला घरघर ऐकू येऊ लागली. पहाटे, चिमण्या बोलायच्या आधी, भिंतीतून. दूर मालगाडी जात राहावी आणि संपूच नये तशी. मिल, तो म्हणाला. पण मिलच्या सुटीच्या दिवशी, सगळे माग बंद असताना, त्याने मुद्दाम भिंतीला कान लावला. घरघर होती. मध्येच थांबायची, ओंजळभर दाणे टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढी, आणि पुन्हा सुरू. भिंत गालाला गरम लागली. बाहेर ऊन अजून यायचं होतं.

तो मागे सरला. उन्हाळ्यात भिंती तापतात, असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाला. पाळण्यात बेबी जागी होती. न रडता, ओठांचा चंबू करून, ती भिंतीकडे पाहत पाय हलवत होती. पाय हलत होते ते घरघरीच्या तालावर.

आषाढात एका सकाळी तो पहिल्या पाळीला निघायच्या तयारीत होता. सुलोचना पाळण्याची दोरी ओढत गुणगुणत होती. त्याने एक बूट घातला होता, दुसरा हातात होता.

*दळण दळते बाई, मांडीवर चांद्या माहा...*

बूट हातातच राहिला.

"हे कोनं शिकवलं तुले? त्या रुख्मीनं?"

"कोन शिकवन? इथी बसली का तोंडात येते आपोआप." ती संकोचून हसली. "मले तं कवा दळण बी नाई मालूम. आमच्या घरी चक्कीच होती. चांद्या म्हंजे तुमी ना जी?" आणि पुन्हा दोरी ओढत, सहज, तिने पुढची म्हटली:

*सोन्यावानी होता खुंटा, कोनं नेला व माहे बाई*
*पुसते मी लेकाले तं म्हन्ते मले माईत नाई*

ही ओवी चंद्रभानने कधीच ऐकली नव्हती.

"तुमच्या मायचा खुंटा हरवलता का?" सुलोचनाने विचारलं.

"मले काय माहीत," तो म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. भिंतीतली घरघर थांबली होती. कोणीतरी मान वर करून ऐकत असावं तशी.

त्या दिवशी त्याने मिलमध्ये तिघांशी भांडण केलं. संध्याकाळी परतताना रामाजी दुकानातून ओरडला, रोजच्यासारखा, "हाये का जी फळी?" आणि तो रोजच्यासारखा म्हणाला, "हाये. तुमच्या तिरडीले लाकूड कमी पडलं तं सांगजा." घरी येऊन त्याने फळीला दोन्ही हात लावले, काढायला. आणि काढली नाही. उद्या सकाळी म्हातारा दारात उभा राहून रिकामी भिंत पाहील, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. भिंतीतल्या घरघरीपेक्षा त्याला ते हसणं जास्त ऐकू येत होतं. पाळणा तरी सरकवा, सुलोचना म्हणाली. दुसरा आकडा ठोकू, तो म्हणाला. श्रावण गेला, आकडा ठोकला नाही.

एवढंच झालं की तो आता पहाटे फळीकडे पाहायचा नाही. बेबीच्या जावळात कधीकधी पांढरं दिसायचं; सुलोचना पावडर समजून झटकायची. त्या दिवसांत बेबीची लाळ सारखी गळायची. हाताला येईल ते ती तोंडात घालायची. सुलोचना रोज तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवून पाहायची. अजून काही नाही.

भाद्रपदात झड लागली. तीन दिवस, तीन रात्री एकाच सुराचा पाऊस. चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारी पाऊस किंचित उतरला, तेव्हा चंद्रभान छत्री घेऊन घराच्या मागे गेला. पन्हळ तुंबली होती आणि तिचं सगळं पाणी मागच्या भिंतीवर उतरत होतं.

भिंतीचा एक मोठा पोपडा खाली पडून चिखल झाला होता. त्या जागी दोन भोकं उघडी पडली होती.

त्याने ओळखलं, ही आपलीच. आतून पाडलेली. आरपार जायला चार बोटं ठेवली होती, ती चार बोटं वाहून गेली. डाव्या भोकात खुंट्याचं टोक दिसत होतं.

त्याने भोकात हात घातला. हात खुंट्याभोवती सहज फिरला. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. माती कुठेच लागली नाही. गारा केव्हाच विरघळून गेला होता. उजवीकडे मुसळाचा तुकडा, त्याच्याभोवतीही पोकळी, वाटीएवढी.

दोन्ही खुंटे हवेत होते.

आणि आत त्यांच्यावर फळी होती. पुस्तकं. दगड. खाली पाळणा.

त्याने खुंट्याच्या टोकाला बोट लावलं. भोवती सगळी भिंत निथळत होती. खुंटा कोरडा होता. गरम होता, नुकता कोणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.

त्याने छत्री तिथेच टाकली.

आत सुलोचना दाराशी तांदूळ निवडत बसली होती. फळी सरळ होती. पाणसळ त्याने दोन महिन्यांपूर्वी तिच्यावरच ठेवून दिली होती. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये होता.

"पोरीले घे," तो म्हणाला.

"आत्ताच निजली जी."

"घे म्हन्तो ना तिले." त्याच्या आवाजात नेहमीचं काही उरलं नव्हतं. सुलोचनाने सूप खाली ठेवलं.

त्याने दोन्ही तळवे फळीखाली लावले, खांदे ताणले, पाय रोवले. वजन आलं नाही. पिसाएवढंही नाही. वजन दुसरं कोणीतरी घेऊन होतं, आणि देत नव्हतं. फळीच्या लाकडातून एक बारीक थरथर त्याच्या मनगटांत उतरत होती. खूप वेळ जड काही पेलून धरलेल्या हातांना सुटते तशी.

"लावला," तो पुटपुटला. कोणाला, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. "लावला हात."

सुलोचनाने वाकून बेबीला पाळण्यातून काढलं. छातीशी धरलं. एक पाऊल. दोन. तिने उंबरठा ओलांडला.

तेव्हा वजन आलं.

सगळं, एकदम. तळवे खाली गेले, तो बाजूला फेकला गेला. फळी, पुस्तकं, ट्रान्झिस्टर, आणि मागून तो दगड. पाळण्याची कड मोडली, आकड्याची दोरी तुटली, दगड पाळण्याच्या तळातून आरपार जाऊन जमिनीवर फुटला.

मग पन्हळीचा आवाज तेवढा राहिला.

सुलोचना उंबरठ्यापलीकडे उभी होती. तोंडावर हात. बेबी जागी झाली होती आणि रडली नव्हती.

चंद्रभान हातांवर-गुडघ्यांवर होता. त्याच्यासमोर खुंटा पडला होता, फळीच्या पोकळीतून निसटलेला. त्याने तो उचलला. काहीतरी करायला हवं म्हणून, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. वरचं टोक त्याने उजेडाकडे धरलं. त्याच्या स्वतःच्या खुणा होत्या, तीस वर्षांच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या, जुन्या लाकडाच्याच रंगाच्या.

"अवो," सुलोचनाचा आवाज आला. ती बेबीच्या उघड्या तोंडात बोट घालून पाहत होती, आणि एवढं सगळं समोर पडलेलं असताना तिच्या आवाजात हसू होतं. "अवो, पाहा ना इकडे. पोरीले दात आले. खालचे, दोन. काल तं नव्हते."

त्याने मान वर केली नाही. जुन्या खुणांच्या बाजूला, सात महिने भिंतीत बुजलेल्या त्या टोकावर, लाकूड ताजं उघडं पडलं होतं, आतून पिवळसर.

दोन. अगदी लहान.

त्याने अंगठा फिरवला. खुणा अजून ओल्या होत्या.